रात्रपाळीच्या ठाणे अंमलदारांना खुलं पत्र

प्रति,
ठाणे अंमलदार, रात्रपाळी,
ठाणे आणि नवी मुंबई पोलीस आयुक्तालयांतलं कुठलंही पोलीस ठाणं

साहेब, आणि मॅडम असाल तर मॅडम,

सप्रेम नमस्कार.

असली पत्रं आयुक्तांना लिहायची पद्धत आहे, मला माहीत आहे. पण पोर हरवलेली आई रात्री नऊ वाजता आयुक्तांकडे जात नाही. ती तुमच्या टेबलासमोर येते. काचेखाली देवाचा फोटो आणि फोन नंबरांच्या चिठ्ठ्या, दोरीने बांधलेलं बॉलपेन, बाजूला वायरलेसची खरखर आणि पलीकडे तुम्ही. म्हणून पत्र तुम्हालाच.

मी ठाण्यात २७ वर्षं पाळणाघर चालवते. लोकांची पोरं सांभाळून पोट भरते म्हणा ना. डोकी मोजणं ही माझी सवय होऊन बसली आहे. झोपलेली मोजते, संडासात गेलेलं एक धरून मोजते, बागेत नेलं तर रस्ता ओलांडण्याआधी मोजते आणि ओलांडल्यावर पुन्हा मोजते. लग्नाच्या पंगतीतसुद्धा माझं बोट आपोआप हलायला लागतं, मुलगा हसतो मला. एवढं करून जुलै २०११ मध्ये माझ्याकडचा एक पोरगा हरवला.

दहा वर्षांचा होता. शाळा सुटली की माझ्याकडे यायचा, खायचा, लोळायचा आणि साडेपाचला रस्त्यापलीकडच्या बिल्डिंगमध्ये क्लासला जायचा. एकट्याला सोडलं तर चालेल, असं आईने लिहून दिलं होतं. आठ वाजता आई ऑफिसातून परस्पर क्लासवर त्याला घ्यायला गेली, तर बाई म्हणाल्या, आज तो आलाच नाही, मला वाटलं पाऊस आहे म्हणून पाठवला नसेल. पुढचा तासभर आम्ही गच्च्या, दुकानांचे गाळे, सायबर कॅफे, गणपतीचा कारखाना, सगळं पालथं घातलं. सव्वानऊला आम्ही दोघी पोलीस ठाण्यात. कुठल्या, ते लिहीत नाही. तेव्हा टेबलावर होते ते आता रिटायर झाले असतील आणि माझं भांडण त्यांच्याशी नाही.

पहिला प्रश्न आला, "मिस्टर कुठे असतात?" ती म्हणाली, आम्ही वेगळे राहतो. "मग त्यांनीच नेला असेल. घरगुती मॅटर आहे हा." दुसरा प्रश्न, "घरात काही बोललात का? हात उचललात?" तिसरा, "नातेवाइकांकडे फोन केले?" आणि चौथा, क्लास कुठे? क्लास रस्त्याच्या पलीकडे आणि रस्त्याच्या पलीकडे दुसरी हद्द. "तिकडे जा, तिथून गायब झालाय ना?" तिकडे गेलो. तिकडचे म्हणाले, क्लासपर्यंत पोचलाच नाही म्हणता, मग राहत्या घराच्या हद्दीत नोंद होईल. भर पावसात पुन्हा पहिल्या ठिकाणी. साडेदहा वाजले होते. "सकाळपर्यंत वाट बघा, चोवीस तास तरी जाऊ द्या, येतात पोरं." सव्वा तास झाला होता आणि कागदावर एक अक्षर उमटलं नव्हतं. पोराचं नावसुद्धा कुणी लिहून घेतलं नव्हतं.

त्या चार प्रश्नांत एकही प्रश्न चुकीचा नव्हता, हे मला पुढे कळलं. वेगळं राहणारा बाप मुलाला घेऊन जातो, होतं तसं. मार बसला की पोरं घर सोडतात. मावशीकडे जाऊन टीव्ही बघत बसलेली सापडतात. तुम्ही रोज बघता, तुम्हाला ठाऊक असतं. पण तेच प्रश्न आधी नाव-गाव लिहून मग विचारले तर ती चौकशी होते. पेन हातात न घेता विचारले तर आईला वाटतं, आपली परीक्षा चाललीय, पास झालो तरच हे आपलं पोर शोधणार. ती बिचारी उत्तरं सुधारून सांगायला लागते. पोराच्या आईनेही "नाही, मी कधीच रागावत नाही त्याला" असं सांगितलं. खोटं होतं ते. त्याच सकाळी गणिताच्या पेपरवरून रागावली होती, आणि नेमकी तीच गोष्ट पोलिसांना कळायला हवी होती.

मग एक हवालदार मॅडम आल्या. कुठल्या तरी आरोपीला सिव्हिल हॉस्पिटलात नेऊन परतल्या होत्या, रेनकोट निथळत होता. चहाचा कप हातात घेऊन उभ्या उभ्या त्यांनी आमचं ऐकलं, प्लॅस्टिकची खुर्ची ओढली आणि आईच्या समोर न बसता शेजारी बसल्या. "अंगात काय होतं?" हे साहेबांनीही एकदा विचारलं होतं. आईला आठवेना. सकाळी युनिफॉर्म होता, माझ्याकडे येऊन कपडे बदलायचा, आणि मला विचाराल तर माझ्याकडे त्या दिवशी सोळा पोरं होती. साहेब वैतागले होते, "स्वतःच्या मुलाचे कपडे माहीत नाहीत?" मॅडमनी आईला सोडलं आणि माझ्याकडे वळल्या. "बाई, दुपारी त्याला जेवायला वाढलं तेव्हा तो कुठे बसला होता?" म्हटलं, फ्रीजला टेकून. "काय वाढलं होतं?" वरण-भात. "सांडलं का?" आणि मला लख्ख दिसलं, पिवळ्या टीशर्टवर वरणाचा डाग, मी ओल्या फडक्याने पुसला होता. छातीवर क्रिकेटची बॅट छापलेली. खाली शाळेचीच खाकी पँट. चपलेचा अंगठा तुटलेला, त्याला सेफ्टी पिन लावली होती, कारण ती पिन मीच दिली होती.

हे सगळं त्यांनी लिहून घेतलं. फोटो मागितला. आमच्याकडे शाळेच्या ओळखपत्रातला, दोन वर्षांपूर्वीचा, तेल लावून चापून भांग पाडलेला. म्हणाल्या, "आता केस कसे आहेत?" आईने सांगितलं. तेही लिहिलं.

त्यानंतर त्यांनी जे केलं त्याचा मला बरेच दिवस राग होता. दोन शिपाई पाठवून माझं घर तपासलं. पलंगांखाली, माळ्यावर, गॅलरीतल्या मोठ्या पिंपात. वॉचमनला उठवून गच्चीवरच्या टाकीचं झाकण उघडायला लावलं, बॅटरी मारून पाहिलं. माझ्या सासूबाई तेव्हा होत्या, त्यांनी दुसऱ्या दिवशी अन्नाला हात लावला नाही. आमच्या घरात पोलीस शिरले, आम्ही काय पोरं पळवतो? मलाही तेच वाटलं होतं. आज वाटत नाही. पोर शेवटचं माझ्या ताब्यात होतं. माझ्यावर संशय घ्यायलाच हवा होता आणि तो पहिल्या तासात घ्यायला हवा होता, तिसऱ्या दिवशी नव्हे. पोरं लपाछपीत कुठेही जाऊन बसतात, टाक्यांत पडतात. हे पत्र पालकही वाचतील म्हणून त्यांना सांगते, पोलीस तुमच्या घरात आधी शोधायला लागले, तुमचा जबाब वेगळा आणि नवऱ्याचा वेगळा घ्यायला लागले, तर अंगावर धावून जाऊ नका. ते त्यांचं काम करत आहेत. काळजी तेव्हा करा, जेव्हा ते तुम्हाला काहीच विचारत नाहीत.

पुढचं थोडक्यात. मॅडमनी लोहमार्ग पोलिसांना, म्हणजे रेल्वेच्या हद्दीतल्या पोलिसांना, फोन लावला, मग कल्याण, मग एका बाजूला कर्जत, दुसऱ्या बाजूला कसारा. आमचं वर्णन त्यांनी शब्द न शब्द वाचून दाखवलं, सेफ्टी पिनेसकट. साडेबाराच्या सुमाराला कसाऱ्याहून उलटा फोन आला. वडेवाल्याने एक पोरगा आणून बसवलाय, नाव सांगत नाही, पत्ता सांगत नाही, नुसता रडतोय. पिवळा टीशर्ट, आणि हो, चपलेला पिन आहे. गणितात वीसपैकी चार पडले होते आणि सही घ्यायची होती. ठाण्याला समोर आली त्या गाडीत बसला, झोप लागली, जाग आली तेव्हा गाडी पुढे जात नव्हती. पुढे घाट आहे, लोकल तिथेच संपते, हे आमचं नशीब.

पोरगा आता कमावता आहे. मला भेटला की वाकून नमस्कार करतो आणि त्या विषयावर बोलत नाही.

हे २०११ चं झालं. त्यानंतर कायदा बराच पुढे सरकला. तो तुम्हाला शिकवायला मी कोण, पण समोर बसलेल्या माणसाला तो माहीत असायला हवा म्हणून लिहिते. १० मे २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने 'बचपन बचाओ आंदोलन' या मुलांसाठी काम करणाऱ्या संस्थेच्या याचिकेवर सांगितलं, मूल हरवल्याची तक्रार आली की थेट गुन्हा नोंदवायचा, आणि वेगळं काही सिद्ध होईपर्यंत ते पळवलं गेलं आहे किंवा विकलं गेलं आहे असंच धरून तपास करायचा. मूल म्हणजे १८ वर्षांखालचं कुणीही. तेव्हा भादंविचं, म्हणजे जुन्या भारतीय दंड विधानाचं, ३६३ हे अपहरणाचं कलम लागायचं, आता भारतीय न्याय संहितेचं १३७. चोवीस तास थांबायचं असं कुठेच लिहिलेलं नाही. ते कुठून आलं कोण जाणे, पण सिनेमातून लोकांच्या डोक्यात बसलं आहे आणि अजून तुमच्यातल्या काहींच्या तोंडात आहे. हद्दीचंही तेच. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या, म्हणजे तपास कसा करायचा ते सांगणाऱ्या नव्या कायद्याच्या, कलम १७३ मध्ये स्पष्ट आहे की गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, समोर आलेली खबर घ्यायचीच. तुमच्या भाषेत झिरोने दाखल करायचा आणि वर्ग करायचा, म्हणजे शून्य क्रमांकाने नोंदवून ज्यांची हद्द त्यांच्याकडे पाठवायचा. एफआयआरची प्रत फिर्यादीला फुकट द्यायची. प्रत्येक पोलीस ठाण्यात एक बाल कल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असतो. त्यांचं नाव बोर्डावर असतं, बोर्ड बहुतेक ठिकाणी कपाटामागे असतो.

मग गुन्हा नोंदवायला हात आखडता का, त्याचं एक कारण मला एका रिटायर फौजदारांनी सांगितलं. ते आमच्याच सोसायटीत राहतात. म्हणाले, ताई, २०१३ पर्यंत आम्ही मिसिंगच्या रजिस्टरला नोंद करायचो. आता प्रत्येक नोंद अपहरणाच्या खात्यात जाते. सोळा वर्षांची पोरगी रुसून मावशीकडे गेली तरी ते अपहरण. वर्षाअखेरी आकडे निघतात, पेपरात येतं 'शहरात अपहरणांचा सुळसुळाट', मग मीटिंगमध्ये वरिष्ठ विचारतात, तुमच्याकडेच एवढे कसे? मला हे पटलं. म्हणून इथे पत्रकार मंडळींनाही हात जोडते. नोंदवलेल्या अपहरणांचा आकडा वाढला, म्हणजे पोरं जास्त पळवली गेली असा सरळ अर्थ होत नाही. जो पोलीस अधिकारी प्रामाणिकपणे प्रत्येक तक्रार लिहून घेतो त्याचाच आकडा फुगतो. मोजायचंच असेल तर किती मुलं सापडली आणि किती दिवसांत, ते मोजा.

हद्दीवर अजून थोडं बोलायचं आहे, कारण आपल्या गावची गोष्टच वेगळी आहे. ठाणे स्टेशनच्या पुलावर संध्याकाळी सहाला उभं राहून बघा. हात सोडून निसटलेलं पोर फलाटावर राहिलं तर लोहमार्ग पोलिसांचं. बाहेर सॅटिसवर, म्हणजे स्टेशनबाहेरच्या उंच बस डेकवर, टीएमटीच्या बसच्या रांगेत गेलं तर ठाणे शहराचं. वाशीच्या गाडीत चढलं तर पंधरा मिनिटांत ऐरोली-रबाळ्याला, म्हणजे नवी मुंबईचं. मुलुंडला उतरलं तर मुंबईचं. चार पोलीस, चार कंट्रोल रूम आणि पोर एकच. आईला कुठलं ठाणं कुणाचं ते समजत नाही आणि तिला समजावं अशी अपेक्षाही नको. तुम्ही एक फोन उचलून पलीकडच्याला सांगू शकता, ती रिक्षा करून पलीकडे जाते. त्यात तिचा तास जातो. पोर तेवढ्यात कसाऱ्याला पोचतं, साहेब, माझ्याच पोरावरून सांगते.

मुंबईत डी. एन. नगर पोलीस ठाण्यात राजेंद्र भोसले नावाचे सहायक उपनिरीक्षक होते. २००८ ते २०१५ या काळात त्यांच्याकडे हरवलेल्या १६६ मुलींची नोंद होती आणि १६५ सापडल्या. राहिलेली एक मुलगी २०१३ मध्ये, सात वर्षांची असताना नाहीशी झाली. भोसले २०१५ मध्ये रिटायर झाले तरी तिला शोधत राहिले. ती ऑगस्ट २०२२ मध्ये सापडली आणि घरापासून जेमतेम अर्ध्या किलोमीटरवर सापडली. भोसल्यांना माझा दंडवत. पण ही बातमी वाचताना माझ्या मनात दुसरंच आलं. रिटायर माणूस फोटो खिशात घेऊन फिरत होता, तर त्या टेबलावर नवीन बसलेल्याच्या ड्रॉवरमध्ये काय होतं? अधिकारी बदलला की हरवलेल्या पोराची फाइल पुढच्याच्या हातात कशी दिली जाते, कुणी वाचून दाखवतं का, की कपाटाची किल्लीच फक्त दिली जाते? केंद्राच्या २०१६ च्या बाल न्याय नियमांत आहे की चार महिन्यांत मूल सापडलं नाही तर तपास अनैतिक मानवी वाहतूक प्रतिबंधक कक्षाकडे जायचा. तो जातो का आणि गेला तर आईला कुणी कळवतं का?

कळवण्यावरून दुसरी गोष्ट सांगते, ही जवळची आहे. तीन वर्षांपूर्वी माझ्याकडे मदतीला असलेल्या मावशींची मुलगी दिवाळीच्या तोंडावर गेली. सोळा पूर्ण. या वेळी मी तयारीने गेले होते, भांडायच्या. गरज पडली नाही. चाळीस मिनिटांत एफआयआर, प्रत हातात, वागणूक चांगली, पाणीसुद्धा विचारलं. मी घरी येऊन म्हटलं, बघा, सुधारलं की. आणि तिथून पुढे काहीच झालं नाही.

साहेब म्हणाले होते, "बहुतेक प्रेमप्रकरण आहे, येईल." मुलगी सोळाची असली की हे वाक्य आपोआप येतं. असेलही प्रेमप्रकरण. पण मग कुणाशी, तो किती वर्षांचा, तिला घेऊन कुठे गेला, हे शोधायला प्रेमप्रकरण आडवं येत नाही ना? उलट धागा मिळतो. गल्लीच्या तोंडाला मेडिकलवाल्याचा कॅमेरा होता. तो स्वतः सांगायला आला की माझ्या डीव्हीआरमध्ये पंधरा दिवसांचंच राहतं, त्यावर नवीन चढतं, पोलिसांना सांगा घेऊन जायला. मावशींनी सांगितलं. साहेब बंदोबस्ताला. दुसऱ्या दिवशी सांगितलं. साहेब कोर्टात. सतराव्या दिवशी शिपाई पेन ड्राइव्ह घेऊन आला तेव्हा त्यात नव्या दिवाळीचे फटाके होते.

मावशी रोज जायच्या. माझ्याकडचं काम आटपून चार वाजता जायच्या आणि बाकावर बसायच्या. कुणी हाकललं नाही आणि कुणी बोललंही नाही. नागरिक सुरक्षा संहितेत आता तपासाची प्रगती ९० दिवसांत फिर्यादीला कळवायची असं आलं आहे, आणि ते आलं हे चांगलंच आहे. पण ९० दिवस आई कशी काढते ते मी पाहिलं आहे. दिवसाला एक फोन, संध्याकाळी सातचा, "मावशी, आज काही मिळालं नाही, उद्या अमुक ठिकाणी बघतोय," एवढं एक मिनिटाचं काम. ते झालं असतं तर त्या बाकावर बसल्या नसत्या, आणि शेजारच्या भगताला तीन हजार रुपये दिले नसते.

त्यातच कुणी तरी मुलीचा फोटो आणि मावशींचा नंबर व्हॉट्सॲपवर फिरवला. पहिल्याच रात्री फोन. मुलगी आमच्याकडे आहे, पाच हजार पाठवा, मग पत्ता सांगतो. दोनदा पाठवले. तिसऱ्या वेळी मला सांगितलं. हे टाळता आलं असतं. गुन्हा नोंदवतानाच कुणी बजावायला हवं होतं की फोटो फिरवायचा तर खाली पोलीस ठाण्याचा नंबर टाका, पोलीस मदतीचा ११२ टाका, मुलांच्या हेल्पलाइनचा १०९८ टाका, घरचा टाकू नका. आणि सापडल्यावर फोटो काढून टाका. तो मेसेज अजून फिरतो आहे. गेल्या महिन्यात मला नाशिकच्या मामेबहिणीकडून आला, "प्लीज फॉरवर्ड".

मुलगी सात आठवड्यांनी सापडली. भिवंडीत होती, एका खोलीत, यंत्रमागांच्या मधोमध. तिनेच कुणाचा तरी फोन घेऊन आईला लावला. तिथे काय झालं ते तिचं आहे, मी लिहिणार नाही.

तुमच्या बाजूचंही मला दिसतं. रात्री टेबलावर एक माणूस, एक कॉम्प्युटर, आणि तोही मध्येच अडकतो. समोर दारू पिऊन डोकं फुटलेला, पलीकडे पार्किंगवरून भांडणारे दोन सोसायटीवाले, आत कुणाची तरी बायको रडत बसलेली. दहीहंडी झाली की गणपती, गणपती झाले की टेंभीनाक्याची देवी, मग निवडणूक. ठाण्यातल्या ठाण्यांना सुट्टी नाही. तुमच्यातच चांगलं काम करणारी माणसं आहेत आणि त्याची दखलही घेतली जाते. मुंबईत रेल्वेतून शेकडो मुलं सोडवून आणणाऱ्या आरपीएफच्या, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाच्या, रेखा मिश्रा यांच्यावरचा मजकूर आपल्या दहावीच्या मराठीच्या पुस्तकात आला, तेव्हा मी माझ्याकडच्या मोठ्या पोरांना तो वाचून दाखवला होता.

पण तुमच्या टेबलावर दार बंद झालं की लोक दुसरीकडे जातात, आणि ते दुसरीकडे फार वाईट असतं. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाड्याला पाच माणसं ठेचून मारली. भिक्षा मागत फिरणारे नाथपंथी डवरी गोसावी होते. मुलं पळवणारी टोळी आली, अशी अफवा मोबाइलवर फिरली होती. आपल्या जिल्ह्यात ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला शाळेत चिमुरड्यांवर अत्याचार झाला, पालकांना गुन्हा नोंदवून घेण्यासाठी कित्येक तास ताटकळावं लागलं आणि त्यानंतर एक दिवस लोक रुळांवर उतरले, गाड्या बंद पडल्या. ते हरवलेल्या मुलाचं प्रकरण नव्हतं, पण टेबलासमोर ताटकळणाऱ्या आईबापांचं होतंच. मी जमावाची बाजू घेत नाही. माझ्या पाळणाघराच्या दारात डवरी गोसाव्यासारखा दिसणारा कुणी आला तर लोक काय करतील, याची मला भीती वाटते. त्या गर्दीला पुढे आवरत बसण्यापेक्षा, आधी खुर्ची ओढून पाच मिनिटं लिहून घेणं तुम्हालाच सोपं जाईल.

मागणं फार मोठं नाही. नवीन गाड्या, नवीन कक्ष, नवीन ॲप यांपैकी काही मागत नाही, ती वरच्यांची कामं. आई टेबलाशी आली की आधी पेन उचला. नाव, वय, अंगात काय होतं, शेवटचं कुणी पाहिलं. मग हवे तेवढे प्रश्न विचारा, माझ्या घराची टाकी पुन्हा उघडा, माझी तक्रार नाही. हद्द दुसऱ्याची असेल तर फोन तुम्ही करा. आणि कॅमेरा दुसऱ्याच दिवशी बघा, पंधराव्या दिवशी त्यात काही उरत नाही.

त्या हवालदार मॅडमचं नाव मला शेवटपर्यंत कळलं नाही. पावसामुळे रेनकोटच्या आत नावाची पट्टी झाकली होती आणि त्या रात्री विचारायचं सुचलं नाही. पण २०११ पासून माझ्या दारामागे एक वही टांगलेली आहे. पोर आत आलं, कपडे बदलले, की त्याच्या नावापुढे मी लिहिते. आजच्या पानावर चौदा नावं आहेत. निळा फ्रॉक, केसांना दोन रबर, डाव्या गुडघ्याला पट्टी. हिरवा टीशर्ट, डायनोसॉर, चप्पल नवीन. लाल बनियन, चड्डी घरची, दात पडलेला. आया हसतात मला, म्हणतात, काकू, तुम्ही धोब्याचा हिशेब ठेवता का.

तुमच्याकडे पुन्हा यावं लागलं तर ती वही घेऊनच येईन.

आपली,
एक पाळणाघरवाली,
ठाणे